दागिने घातले की खाज येते? दागिने सोडू नका, अंगाला काय टेकतंय ते बघा

कोल्हापुरात लग्नसराई सुरू झाली की ठुशी, साज, वेल, बुगडी सगळं डब्यातून बाहेर येतंय, आणि त्याच्या मागोमाग एकदोन दिवसांनी मानेवर पुरळ, कानाच्या पाळीला पाणी सुटलेलं, मनगटाला खाज. मग घरातलं कोणतरी म्हणतंच, "तुला सोसत नाही तर घालू नको, नाहीतर खरं सोनंच घाल." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. सोनं घालूनसुद्धा काही जणींना त्रास होतो आणि इमिटेशनमधलंही बरंच काही नीट निवडून घालता येतं. दागिना खरा का खोटा यापेक्षा त्याचा जो भाग कातडीला टेकतो तो कशाचा आहे, हे महत्त्वाचं. बहुतेक वेळा ती कानातली काडी असते, मागची फिरकी असते, नाहीतर गळ्यातल्याचा हूक. पैसे तिथे घालायचे, बाकी सेट साधा असला तरी चालतंय.

आधी ठरवा, ही ॲलर्जीच आहे का?

तीन वेगळ्या गोष्टींना आपण सरसकट ॲलर्जी म्हणतो.

पहिली म्हणजे रंग लागणं. अंगठीखाली बोट हिरवं होतंय किंवा गळ्यावर काळी रेघ उमटते. तांबं किंवा चांदी घामाशी, साबणाशी, क्रीमशी रिॲक्ट होते आणि तो रंग कातडीवर बसतो. खाज नाही, पुरळ नाही, धुतलं की जातंय. दिसायला वाईट, पण ही ॲलर्जी नव्हे.

दुसरी म्हणजे ओल. भांडी, कपडे, पोरांची अंघोळ, दिवसभर हात पाण्यात आणि अंगठी तशीच बोटात, खाली साबण अडकलेला. तिथली कातडी पांढरी पडते, सोलते, चुरचुरते. चट्टा बहुतेक अंगठीच्याच मापाचा असतो आणि अंगठी काढून जागा कोरडी ठेवली की आठवड्याभरात बरंच बरं वाटतं. शुद्ध सोन्याच्या अंगठीखालीही हे होतं, त्यात धातूचा काही दोष नाही.

तिसरी ती खरी ॲलर्जी, आणि तिचा मुख्य आरोपी निकेल नावाचा धातू. घामातल्या खारटपणामुळे निकेलचे कण सुटतात, कातडीत शिरतात आणि शरीर त्याला एकदा शत्रू समजलं की पुढे कायम समजतं. इथे लोक एका गोष्टीत फसतात, ती म्हणजे वेळ. ही रिॲक्शन लगेच येत नाही. ज्यांना आधीपासून ॲलर्जी आहे त्यांना साधारण एक ते तीन दिवसांनी दिसते. रविवारी लग्नात सेट घातला, मंगळवारी मान खाजायला लागली आणि खापर फुटलं सोमवारी आणलेल्या नव्या साबणावर! म्हणून "मी तासभर घालून बघितलं, काही झालं नाही" याला काही अर्थ नाही. आणि "हे तर मी दहा वर्षं घालतेय" यालाही नाही, कारण वर्षानुवर्षं सोसलेली वस्तू एक दिवस सोसेनाशी होते, ॲलर्जी अशीच तयार होते.

गोऱ्या कातडीवर लालसर दिसणारं पुरळ सावळ्या कातडीवर जांभळट किंवा गडद तपकिरी दिसतं, त्यामुळे गुगलवरचे फोटो बघून "माझं असं नाही" म्हणू नका. बारीक पाण्याचे फोड, प्रचंड खाज, मग खपल्या, आणि महिनोन्‌महिने चालू राहिलं तर जागा जाड आणि काळी होते.

जागा बघूनही अंदाज येतो. कानाच्या भोकाभोवती असेल तर काडी. मानेच्या मागे असेल तर हूक किंवा साखळी. बेंबीखाली नाण्याएवढा चट्टा असेल तर तो जीन्सच्या बटणाचा, तिथे दागिन्यांचा संबंध नाही पण निकेल तेच. मनगटावर घड्याळाची मागची बाजू, खांद्यावर साडीची पिन, पाठीवर हूक. कपाळावर टिकलीच्या जागी खाज येत असेल किंवा पांढरा डाग पडत असेल तर तिथे धातूचा प्रश्नच नाही, टिकलीच्या गोंदात काही रसायनं असतात त्यांनी कातडीचा रंग जातो. अशी टिकली त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, तो डाग आपोआप भरून येईलच असं नाही.

पुरळ आलंय, आता काय

दागिना काढा. सगळेच काढा, "फक्त ठुशी काढली, मंगळसूत्र राहू दे" असं करू नका, कारण मग नेमकं कशाने झालं ते कळत नाही. ज्यांच्या घरी मंगळसूत्र काढणं हा विषय आहे त्यांनी थोडे दिवस काळे मणी सुती दोऱ्यात ओवून घालावेत आणि वाट्या जपून ठेवाव्यात. पूर्वी मणी दोऱ्यातच असायचे, त्यामुळे सासूबाईंनाही फार बोलता येत नाही.

गार पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती फडकं पाचदहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोनतीनदा. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन लावा. हळद, लिंबू, लसूण, कडुलिंबाचा लेप यातलं काही फुटलेल्या कातडीवर नको, हळदीचीसुद्धा काही जणांना ॲलर्जी असते. आणि मेडिकलमध्ये जाऊन "खाजेचं क्रीम द्या" म्हटल्यावर जी ट्यूब मिळते ती बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली असते. दोन दिवस जादू वाटते, मग कातडी पातळ होते आणि खरं दुखणं झाकलं जातं. स्टेरॉइड क्रीम लागतं, नाही असं नाही, पण कुठलं, किती दिवस आणि कुठल्या जागी हे डॉक्टरांनी सांगायचं.

पू, ताप, कान गरम होऊन सुजणं, किंवा फिरकी पाळीच्या आत रुतणं यातलं काही असेल तर घरी थांबायचं नाही. नुसत्या ॲलर्जीला पू होत नाही, तिथे इन्फेक्शन झालेलं असतं.

कातडी पूर्ण शांत व्हायला साधारण दोन ते चार आठवडे द्या. त्याआधी नवीन काही ट्राय करून बघायचा मोह होतोच, पण चिडलेल्या कातडीला काहीही लागलं तरी झोंबतं, आणि मग तुम्ही चांगल्या वस्तूलाही नाव ठेवता.

पॅच टेस्ट

वारंवार होत असेल तर ही करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आयुष्यभर अंदाज बांधत बसण्यापेक्षा एकदा कागदावर येऊ दे. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, खाजगी नको असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखवून पॅच टेस्टबद्दल विचारता येतं. सुया टोचून करतात ती टेस्ट वेगळी, आणि रक्ताची ॲलर्जी टेस्ट निकेलसाठी कामाची नाही. इथे पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, सुगंधी द्रव्यं, रबराची रसायनं असं थोडं थोडं भरून चिकटवतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून बघतात आणि पुन्हा एकदा ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान बघतात. हे दुसरं बघणं चुकवू नका, उशिरा उठणाऱ्या रिॲक्शन तेव्हाच दिसतात.

तेवढे दिवस पाठ ओली करायची नाही, घाम गाळायचा नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये शक्यतो नको, पट्ट्या घामाने सुटतात. थंडीत करा. आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील किंवा पाठीवर क्रीम लावत असाल तर ते आधीच सांगा, नाहीतर रिझल्ट खोटा येतो.

डबा उपडा करा

आता खरं काम. सगळे दागिने चादरीवर ओता आणि एकेक हातात घेऊन फक्त मागची बाजू बघा. समोरून काय दिसतंय त्याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

२२ कॅरेट पिवळं सोनं, म्हणजे ९१६, हे बहुतेकांना सोसतं. उरलेल्या ८.४ टक्क्यांत साधारण तांबं आणि चांदी असते, कधी जस्त. पण त्याच सोन्याच्या कानातल्याची फिरकी कधीतरी हरवलेली असते आणि तिच्या जागी दहा रुपयांची पितळी बसलेली असते, ती कुणाच्या लक्षातही नसते. "मला सोन्याचीपण ॲलर्जी आहे" म्हणणाऱ्यांनी आधी फिरकी बघावी. सोन्याची खरी ॲलर्जी असते, पण कमी जणांना.

व्हाइट गोल्डमध्ये पिवळेपणा घालवायला निकेल किंवा पॅलेडियम मिसळतात. वरून ऱ्होडियमचा चकचकीत थर असतो, तो आहे तोवर ठीक, अंगठीच्या आतल्या बाजूने तो झिजला की आतलं लागायला लागतं. घेताना "निकेलचं का पॅलेडियमचं?" हा एक प्रश्न विचारायचाच.

चांदीत ९२५ असेल तर उरलेलं ७.५ टक्के सहसा तांबं, बहुतेकांना चालते. पण सगळी चांदी ९२५ नसते. हुपरीचे पैंजण आपल्याकडे घराघरात आहेत, त्यात कमी टंचाचेही, म्हणजे कमी शुद्ध चांदीचेही मिळतात, कारण नरम चांदीची नाजूक कडी लवकर तुटते. त्यात काही वाईट नाही, फक्त घेताना टंच किती आणि मिसळ कशाची हे विचारून घ्या.

आणि आता ज्याने सगळ्यात जास्त जणींना फसवलंय ते, जर्मन सिल्व्हर. यात चांदी औषधालाही नसते! तांबं, जस्त आणि निकेल, आणि निकेल थोडंथोडकं नव्हे, साधारण १० ते २० टक्के. नवरात्रात घालायचे ते काळपट ऑक्सिडाइज्ड सेट, मोठे झुमके, नाकातल्या चापाच्या नथी, यात हे भरपूर असतं. निकेलची ॲलर्जी पक्की असेल तर हा ढीग सरळ बाजूला करा, बहिणीला द्या, मैत्रिणीला द्या, फक्त तिलाही खाज येते का ते विचारून.

बेन्टेक्स, एक ग्रॅम, फॉर्मिंग हे सगळं प्लेटिंगचं काम. आत तांबं किंवा पितळ, वर सोन्याचा पातळ थर, आणि मध्ये बऱ्याचदा निकेलचा एक थर, कारण त्याने तांबं वर येत नाही आणि चमक टिकते. म्हणून नवीन असताना काही होत नाही, झिजलं की सुरू होतं. झिजतं कुठे? हूक, काडी, बांगडीची आतली बाजू. म्हणजे नेमकं जिथे टेकतं तिथेच.

काच, मोती, लाकूड, टेराकोटा, रेशमी दोरा यात धातूच नाही. हिरव्या काचेच्या बांगड्या खुशाल घाला.

ठुशीला मागे दोरा आणि गोंडा असतो, तो आपल्यासाठी वरदानच आहे कारण मानेवर धातूचा हूक येत नाही. पण तोच दोरा घाम, पावडर, परफ्यूम सगळं पितो आणि वर्षानुवर्षं कोण बदलत नाही. हातात घेऊन बघा, कडक झालेला असतो, नख लावलं तर काळं येतंय. पुरळ फक्त दोऱ्याच्या रेघेवर असेल तर धातूला सोडा आणि गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, दागिने गाठवून देणाऱ्यांकडून दोरा बदलून घ्या. गडद रंगाचा दोरा असेल तर घामाने रंग सुटतो का ते आधी ओल्या कापसाने पुसून बघायचं.

निकेल आहे का, घरी कसं बघायचं?

लोहचुंबकाने कळत नाही. जर्मन सिल्व्हरला चुंबक चिकटत नाही आणि स्टीलमध्ये निकेल असूनही बऱ्याचदा चिकटत नाही, त्यामुळे तो प्रयोग विसरा.

डायमिथाइलग्लायऑक्सिम नावाचं केमिकल असलेली निकेल टेस्ट किट ऑनलाइन मिळते. कापसाच्या बडवर थेंब घ्यायचा आणि दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचं. बड गुलाबी झाला तर निकेल सुटतंय. दागिन्याला डाग पडत नाही, नंतर धुऊन टाकायचं. मात्र नवीन प्लेटिंगवर ही टेस्ट पास होते आणि झिजल्यावर तीच वस्तू नापास होते, म्हणून झिजलेल्या जागी, हुकावर, काडीवर घासा आणि सहा महिन्यांनी परत बघा.

दुकानात गेल्यावर

महाद्वार रोडवर इमिटेशनच्या दुकानात हमखास ऐकायला मिळणार, "ताई, गॅरंटीचा माल आहे." त्यांची गॅरंटी रंगाची असते, तुमच्या कातडीची नव्हे. हसून विचारायचं, "दादा, आत पितळ आहे का व्हाइट मेटल, म्हणजे ती स्वस्त पांढरी मिसळधातू? काडी कशाची?" सांगता आलं तर घ्या, नाही आलं तर पुढचं दुकान. 'निकेल फ्री' लिहिलेलं कार्ड छापायला काही लागत नाही. युरोपात याला नियम आहे, कातडीला सतत टेकणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या काडीला तर ०.२. म्हणजे प्रश्न निकेल आहे का यापेक्षा किती सुटतं हा असतो. सर्जिकल स्टीलचं तसंच आहे. त्यातल्या ३१६एल या प्रकारात १० टक्क्यांच्या वर निकेल असतं पण ते घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच जणींना चालतं. ज्यांचं दुखणं जास्त आहे त्यांनी मात्र टायटॅनियम किंवा नायोबियम बघावं. इम्प्लांट ग्रेड, म्हणजे शरीरात बसवायच्या दर्जाच्या टायटॅनियमच्या बारीक काड्या आता ऑनलाइन सहज मिळतात, दिसायला राखाडी, पण बिनत्रासाच्या.

गुजरीत सोनं घेताना हॉलमार्क बघा, बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ आणि एचयुआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासता येतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानात हे असल्याशिवाय विकता येत नाही. पण आपल्या कामाची गोष्ट पुढेच आहे, २ ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना ही सक्ती नाही. म्हणजे चमकी, बारीक बाळी, बदलायची काडी, जे भोकात जाऊन बसतं नेमकं तेच बिनहॉलमार्कचं असू शकतं. तिथे ओळखीचा सोनार हाच हॉलमार्क, आणि बिलावर कॅरेट लिहून घ्यायचं.

सेट तोच ठेवून काडी बदलणं

लोंबते झुमके असतील तर काम सोपं. झुमका आणि हूक यांच्यामध्ये बारीक कडी असते, ती पक्कडीने उघडायची, जुना हूक काढायचा, सोन्याचा किंवा टायटॅनियमचा हूक अडकवून कडी परत दाबायची. दुकानातला कारागीर हे बोलता बोलता करून देतो. एकच हुकांची जोडी घेऊन तिच्यावर वेगवेगळे झुमके बदलत राहिलं तरी चालतं, त्यामुळे खर्च एकदाच.

चिकटून बसणारी कुडी किंवा टॉप असेल तर काडी कापून नवीन झाळावी लागते. आचेने प्लेटिंग काळं पडतं, म्हणून वरून परत पॉलिश करावं लागणार हे गृहीत धरा. आत पितळ असेल तर कारागीर हात लावतो, स्वस्त व्हाइट मेटल असेल तर नको म्हणतो कारण ते आचेला वितळतं.

बांगडी, पाटली, तोडे यांच्या आतून पारदर्शक नेलपॉलिश लावायचा उपाय सगळीकडे सांगतात. एका कार्यक्रमापुरतं ठीक आहे, दोन हात लावून पूर्ण वाळू द्या. पण चारदोनदा घातलं की ते सोलतं आणि काही जणींना नेलपॉलिशचीच ॲलर्जी असते. त्यापेक्षा गळ्यात भारी इमिटेशन घालायचं असेल तर ब्लाउजचा गळा थोडा वर शिवून घ्या किंवा सेटच्या मागून मऊ सुती अस्तर टाचून घ्या, समोरून दिसत नाही.

कान टोचताना

सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे, पण सोनार स्वच्छ हवा. निकेलची ॲलर्जी सुरू व्हायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे टोचलेलं ताजं भोक, कारण तिथे धातू थेट आतल्या मांसाला लागतो. म्हणून बाळाचे कान टोचताना सोन्याची तार किंवा टायटॅनियमच घाला, त्यावर पैसे वाचवू नका. सुई नवीन किंवा निर्जंतुक केलेली असावी आणि हात धुतलेले असावेत हे तोंडावर विचारायला लाजायचं नाही. पाळीचं भोक भरायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात, बुगडीसाठी वर कुर्च्यात टोचलं तर कित्येक महिने. तोपर्यंत आत्याने दिलेले फॅन्सी डूल डब्यातच.

घालायचा दिवस आणि नंतर

आधी क्रीम, पावडर, परफ्यूम, केसांचा स्प्रे, ते वाळल्यावर दागिने. जेवणाच्या पंगतीनंतर घाम आला असेल तर रुमालाने गळा आणि दागिना दोन्ही पुसा. जोतिबाला किंवा मिरवणुकीत गुलाल खेळून आलात तर दागिने लगेच काढून कातडी धुवा, गुलाल आणि घाम यांचं ओलं पीठ ठुशीखाली बसलं की चांगल्या कातडीलाही चुरचुरतं. शंकेच्या वस्तू तीनचार तासांवर घालू नका, आणि त्या घालून झोपायचं तर अजिबात नाही.

सोनं रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, टूथपेस्ट नको, ओरखडे पडतात. साज, बोरमाळ यांच्या आत लाख असते, ते कधीच गरम पाण्यात भिजवायचे नाहीत, लाख मऊ होऊन पत्रा बसतो. ओलसर कापडाने पुसा आणि पंख्याखाली वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच, कारण आपल्याकडची दमट हवा डब्यातही शिरते. प्लेटिंगच्या वस्तूला कोरडं कापड पुरे.

पायाला खाज येत असेल तर जोडव्यांबरोबर चपलेकडेही बघा. बाजारातल्या बऱ्याच चामड्यात क्रोमियम असतं आणि त्याचीही ॲलर्जी होते. अस्सल कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यात क्रोमियम नसतं. फक्त अस्सल कोणती हे नेहमीच्या दुकानदाराला विचारून घ्या, कारण कोल्हापुरी घाटाच्या सगळ्याच चपला तशा नसतात.

पॅच टेस्टमध्ये निकेल निघालं तर तो कागद फाइलला लावून ठेवा आणि दातांना तारा लावताना, गुडघा-खुब्याचं ऑपरेशन ठरताना डॉक्टरांना आपणहून दाखवा. दातांच्या तारांमध्ये निकेल असतं, आणि दुसरा पर्याय आधी विचारला तर मिळतो.